शनिवार ते बुधवार

"मग ती कुठल्या कागदात आहे?"

बापूसाहेब हेर्लेकरांनी शेंगा सोलता सोलता तिसऱ्यांदा तेच विचारलं. समोर मकरंद कवठेकर बसला होता, एकेकाळचा त्यांचा सगळ्यात हुशार ज्युनियर. आता त्याचं स्वतःचं ऑफिस होतं, हाताखाली सहा वकील होते, आणि परदेशी नियमांत त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही अशी ख्याती होती. ती ख्याती त्याला स्वतःलाही मनापासून पटलेली होती.

"कुठल्याच नाही, सर. तीच तर यातली मेहनत आहे."

त्यानं दोन्ही अहवाल पुन्हा नीट लावून ठेवले. टॉवेल रंगवणारा एक कारखाना, आणि त्याची दोन मोठी गिऱ्हाइकं, दोन वेगळ्या देशांतली. एका देशाचा नियम म्हणतो, पाण्याचं, हवेचं, मजुरांचं जे काही बरंवाईट झालं ते सगळं लिहून द्या. दुसऱ्या देशात नेमकं उलटं वारं. तिथं असलं काही लिहून देणाऱ्याकडेच संशयानं बघतात. दोघांना खरं तेच सांगायचं आणि दोघांपैकी कुणालाही बिथरवायचं नाही, या तारेवरच्या कसरतीत मकरंदचे चार महिने गेले होते.

"एक शब्द खोटा नाही," तो म्हणाला. "फक्त तुमची सही हवी. बाहेरच्या ज्येष्ठ वकिलानं दोन्ही अहवाल वाचले, त्यांत विसंगती नाही, एवढंच. संध्याकाळपर्यंत पाठवायचंय."

"आणि आक्काताई?"



आक्काताई बापूसाहेबांच्याच गावची. तेरा वर्षं ती कारखान्यातले रंगाचे हौद धूत होती. मार्चमधल्या एका सोमवारी हौदात उतरली, ती जिवंत वर आली नाही.

"सर, तिचा करार शनिवारी संपला होता. नवा बुधवारपासून होता. सोमवारी ती कारखान्याची कामगार नव्हती, कंत्राटदाराचीही नव्हती. दोन्ही देशांच्या नियमांतल्या एकाही व्याख्येत ती बसत नाही."

"मग हौदात कशी होती?"

"मुकादमानं बोलावलं म्हणून आली..."

"करार कितीचा?"

"अकरा महिन्यांचा."

"असे किती झाले?"

"चौदा."

शेंगा सोलणारा बापूसाहेबांचा हात थांबला.

"अकरा महिन्यांचा करार मी शिकवला तुला," ते म्हणाले. "खोली भाड्यानं द्यायची असेल तर. भाडेकरूनं उद्या हक्क सांगू नये म्हणून."

"तोच मसुदा आहे, सर. फक्त खोलीच्या जागी..."

पुढचं त्याला बोलवेना. लाज वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटली, आणि आता तिचा कुणाला काही उपयोग नव्हता.

"तिला वाचून दाखवायचे करार?"

बापूसाहेबांच्या ऑफिसचा एक नियम होता. अंगठा घेण्याआधी सगळा मजकूर त्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि 'वाचून दाखवले, समजले' ही ओळ ज्युनियरनं स्वतःच्या हातानं लिहायची. एकदा मकरंदनं न वाचताच ती लिहिली, तेव्हा त्यांनी त्याला आठवडाभर कोर्टात येऊ दिलं नव्हतं.

"ती ओळ आता छापलेलीच असते," मकरंद म्हणाला.

"तिचं एक वाक्य घाल अहवालात," बापूसाहेब म्हणाले.

"घातलं तर एक गिऱ्हाईक जातं. एक गेलं की कारखाना बंद. बाराशे माणसं आहेत, सर. तुमच्या गावची चाळीस. आक्काताईची सूनसुद्धा त्यातच आहे."

बापूसाहेबांनी दोन्ही अहवाल पुढ्यात ओढले.

ते रागावतील असं मकरंदला वाटलं होतं. नाहीतर नेहमीसारखं एखादं कलम काढून देतील, एखादी फट दाखवतील... तो वाट बघत राहिला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की त्यांच्याकडेही काही नाही. आपल्याला नाही सुचलं तरी सरांना सुचेल, या भरवशावर त्यानं आजवर वकिली केली होती.

"शाईचं पॅड आहे का बॅगेत?"

पॅड मकरंदच्या बॅगेत नेहमीच असायचं. त्यानं काढून दिलं. आता सही करून खाली शिक्का मारतील, असं त्याला वाटलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्याच वेळी आत कुठंतरी फार वाईटही वाटलं.

बापूसाहेबांनी अंगठा पॅडवर दाबला. पहिल्या अहवालावर, सहीच्या जागी, उठवला. मग दुसऱ्यावर उठवला. मग पंच्याला बोट पुसत बसले.

मकरंद त्या दोन निळ्या ठशांकडे बघत राहिला. या माणसाच्या सहीवर चाळीस वर्षं जिल्ह्यातली कोर्टं डोळे मिटून विश्वास ठेवत आली होती.

"सर... तुमचा अंगठा कसा चालेल? कुणीच घेणार नाही हा."

"तिचा चौदा वेळा चालला."