एका मार्काचा पंखा

"नावं झाकली. बापाची कमाई विचारली नाही. सगळ्यांना एकच पेपर दिला. तरी चाळीसच्या चाळीस पोरं बंगल्यातलीच कशी निघाली, माई?"

वामन गुरुजींनी टेकडी चढून आल्या आल्या हेच विचारलं. बसलेसुद्धा नाहीत. हुशार पोरांच्या निवासी शाळेची निवड त्यांच्या हाती होती, आणि आपल्या निवडीत कुणाला खोट सापडणार नाही, असा त्यांना ताठा होता. अकराशे पेपर तपासून डोळे मात्र सुजले होते.

मठातली रेणामाई अंबाडीची भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मग बोंब कशाची? चाळीस मिळाली ना?"

"मिळाली. यादी आज संध्याकाळी जायची आहे. पण एक लेकरू... एका मार्कानं राहिलं. त्याचा पेपर आणलाय."

"वाच."

"वेगळी वस्तू ओळखा आणि कारण लिहा. फ्रिज, कूलर, पंखा, कपाट."

"अरे, माझ्याकडं चारही नाहीत. मी काय लिहू?"

"तुम्ही नापास, माई." गुरुजी हसले. हसायचंही त्राण उरलं नव्हतं. "उत्तर कपाट. त्याला वीज लागत नाही."

"आणि या लेकरानं?"

गुरुजींनी चष्मा चढवला. पेपर जवळ धरला, लांब धरला.

"'पंखा. कारण बाकीचं आमच्या घरात नाही.'"

माईचे हात थांबले...

"प्रश्न कळला होता की त्याला."

"कळला होता."

"कारणही दिलंय."

"दिलंय. पण उत्तरांच्या कागदावर कपाट आहे! चोवीस वर्षांत एक मार्क इकडचा तिकडं केला नाही मी."

"मग टेकडी कशाला चढलास, वामन?"

गुरुजी हळूच पायरीवर टेकले.

"राहिलेल्या पेपरवर शेरा लिहावा लागतो, माई. 'चुकीचं उत्तर.' दोन शब्द. बाकी सगळ्यांवर लिहिले. या एकावर... सकाळपासून हात चालत नाही."

माईनं भाजीचे हात लुगड्याला पुसले. गुरुजींच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, त्यांच्या बोटांत दिलं.

"लिही."

"काय लिहू?"

"उत्तर बरोबर. घर चुकलं."