लॉर्डसाहेबांचा खांदा

लंडनच्या बड्या लोकांना एके काळी प्राचीन ग्रीक व्हायचं खूळ लागलं होतं. लॉर्ड ट्रेसिंगहॅम तर ऐन थंडीत अंगाला नुसती चादर गुंडाळून मिरवत. चित्रं छापून विकणाऱ्या मार्था पिंकनीने तांब्याच्या पत्र्यावर त्यांचं व्यंगचित्र कोरलं, छापलं आणि आपल्या दुकानाच्या काचेत लावलं. चादरीत कुडकुडणारे, लाल नाकाचे लॉर्डसाहेब बघायला ही गर्दी लोटली!

साहेब स्वतःच जाडजूड ग्रंथ बगलेत मारून तरातरा आले. "अडाणी बाई! ग्रीक लोक चादर उजव्या खांद्यावर घेत, तू डाव्या खांद्यावर काढलीस. हे बघ ग्रंथातलं चित्र! सगळ्यांदेखत माफी माग आणि तो पत्रा मोडून टाक."

मार्थाने शांतपणे पान उलटलं. "साहेब, यातल्या झाडून सगळ्या सैनिकांच्या तलवारी डाव्या हातात कशा हो? अख्खी फौज डावखुरी होती?"

साहेबांनी घाईघाईने पुढची पानं चाळली; तिथेही तेच.

"पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून आम्ही मुळात उलटंच कोरतो. तुमचा ग्रंथवाला ते विसरला," मार्था ताठ मानेने म्हणाली. "आमच्याकडे ही चूक नवशिका पहिल्या आठवड्यात करतो. तुम्ही ती वर्षभर अंगावर घेऊन फिरताय."

गर्दीत खसखस पिकली. साहेबांनी गुपचूप चादर डाव्या खांद्यावर घेतली, आणि ते हुबेहूब काचेतल्या चित्रासारखे दिसू लागले.