फरशीची साक्ष

सोसायटीत टँकर आला तरच नळाला पाणी, आणि गार्गीची गाडी मात्र कायम लखलखीत. चेअरमन चौबळसाहेबांना संशय आला, आणि त्यांना संशय आला की चौकशी संपलीच. त्यांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये जमवलं.

"या गार्गीबाई सोसायटीच्या टाकीचं पाणी चोरून गाडी धुतात. यांचं पार्किंग काढून घ्यायचं."

म्हणजे लहानग्या लेकीला घेऊन रोज लांबून चालत यायचं, हे गार्गीच्या डोळ्यांपुढे आलं. झोपेत आपणच पाइप लावतो की काय, अशी शंकासुद्धा तिला चाटून गेली.

"मी अर्ध्या बादलीत धुते," ती म्हणाली.

"अर्ध्या बादलीत माझे टायरही भिजत नाहीत," साहेब हसले.

गार्गीने अर्ध्या बादलीत गाडी पुसायचं झाकणभर औषध घातलं, नंतर पाणी ओतावं न लागणारं. मऊ फडकी भिजवली, पिळली, गाडीच्या प्रत्येक बाजूला वेगळं फडकं हळुवार फिरवलं आणि मागोमाग कोरड्याने टिपून घेतलं. गाडी चमकली.

"हे आजचं नाटक. एरवी पाइप लावत नसाल कशावरून?"

"फरशीलाच विचारा ना, काका."

सगळे वाकले. तिच्या गाडीखाली जुनी धूळ जशीच्या तशी होती, लेकीने टाकलेलं बिस्किटही कुरकुरीत होतं.

"आता शेजारच्या फरशीलाही विचारूया."

शेजारी चौबळसाहेबांची गाडी होती. तिच्याखाली ऐन उन्हाळ्यात हिरवंगार शेवाळ माजलं होतं.

पार्किंगचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. शेवाळ मात्र आठवड्याभरात वाळलं.