टिटवी ओरडली नाही, म्हणून

गोष्ट द्या, गोष्ट द्या, म्हणून सुनेनं डोकं खाल्लं. शाळेच्या अंकाला हवी म्हणे. मी चौथीत शाळा सोडली, तेव्हा शाळेला माझं काही वाटलं नाही, आणि आता माझी गोष्ट हवी! वर अट अशी की गोष्टीत प्राणी पाहिजेत आणि शेवटी बोध पाहिजे. बोध घेणारी पोरं कुठं राहिलीत? पण लिहून दिल्याशिवाय दुपारचा चहा मिळेलसं दिसत नाही, तेव्हा ऐका. मध्येच ‘पुढं काय, पुढं काय’ करायचं नाही.

एका जंगलात एक खवल्या मांजर राहत होतं. जंगलातच राहणार, तहसील कचेरीत थोडंच राहणार? नावात मांजर असलं तरी ते मांजर नव्हे. अंगभर नखासारखे कडक खवले, तोंडात दात एक नाही, जीभ मात्र हातभर लांब. खाणं एकच, वाळवी. भीती वाटली की अंगाचा चेंडू करून गप्प पडायचं, ही त्याच्या जातीची रीत. आवाज म्हणाल तर नुसती फुसफुस. आपण त्याला खवल्या म्हणू.

या खवल्याला गव्यानं मंत्री केलं. गवा तिथला राजा, अंगानं डोंगर आणि डोक्यानं सरळ. त्यानं खवल्याला दोन खाती दिली, हाळी आणि ऊब. धोका दिसला की ओरडून सगळ्यांना कळवायचं, ती हाळी. आणि ऊब वारुळांची. वारुळात वाळवीची केवढी वस्ती असते, तिच्या वावरण्यानं माती आतून उबदार राहते, आणि माघाच्या थंडीत लहान जीव वारुळाला पाठ लावून तगतात. आता बघा, ज्याला आवाज नाही त्याच्याकडं हाळी, आणि जो वाळवी खातो त्याच्याकडं ऊब! पण गव्याचं म्हणणं, “वारुळातलं त्याच्याइतकं कुणाला कळतं?” कळत होतं, ते मात्र खरं.

खवल्यानं आल्याबरोबर दोन धोरणं काढली. थंडी सरेपर्यंत कुणीही वारुळाला तोंड लावायचं नाही, हे एक. दुसरं ‘एकच हाळी’. पूर्वी ज्याला जे दिसे तो ओरडे. मोर ओरडे, वानर ओरडे, पान पडलं तरी ससे उड्या मारत. आता नदीकाठच्या टिटवीनं ओरडायचं आणि तिचं ऐकून वडावरच्या वानरानं ओरडायचं. बाकीच्यांनी तोंडं मिटायची. जंगल कसं शांत झालं! सगळे म्हणाले, “मंत्री असावा तर असा.”

टिटवीची अंडी नदीकाठच्या मोठ्या वारुळाच्या पायथ्याशी होती. वारूळ अंडी उबवी आणि टिटवी मोकळेपणी काठावर फिरून पहारा करी. खवल्या रोज संध्याकाळी त्या वारुळाची पाहणी करायला जाई. पाहणी कशानं करायची? डोळ्यानं वारुळाच्या आतलं काही दिसत नव्हतं. मग त्यानं जिभेनं केली. पहिल्या दिवशी एकच चाटा, म्हटलं बघू तरी ऊब कशी आहे. ऊब फार चवदार निघाली. दुसऱ्या दिवशी भोक थोडं रुंद केलं. असं करता करता एका संध्याकाळी जीभ आत गेली ती कोरडीच बाहेर आली. वारूळ रिकामं झालं होतं. माती गार पडली होती.

टिटवी अंड्यांवर बसून होती. म्हणाली, “मंत्रीसाहेब, वारूळ का हो गार पडलं? मला आता उठताच येत नाही. उठले की अंडी गारठतात. इथून, वारुळाच्या आडून, मला चार हात लांबचं दिसत नाही. दुसऱ्या कुणाला तरी पहाऱ्याला बसवा.”

“बघतो,” खवल्या म्हणाला.

तो बघणार काय? दुसरा पहारेकरी बसवला की कुणीतरी विचारणार, का बसवला? टिटवीला उठता येत नाही म्हणून. का उठता येत नाही? त्या ‘का’च्या शेपटाला धरून जंगल थेट त्याच्या जिभेपर्यंत येणार होतं. म्हणून त्यानं कुणालाच बसवलं नाही. बिळात पडून राहिला, पण डोळा लागेना. मंत्रिपद गेलं तर लोक तोंडावर थुंकतील, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर सभा होती. त्या जंगलात सभेची रीत मोठी वाईट, म्हणजे मंत्र्यांच्या दृष्टीनं. सपाट खडकावर मागच्या पायांवर उभं राहून उत्तरं द्यायची. पोटाला तर खवले नसतात, त्यामुळं खवल्याचं सगळं मऊ पोट सभेला दिसे आणि चेंडू करायची सोय राहत नसे. त्यातून ज्याच्या दारचा प्रश्न असेल, तो उठून “दाखवा” म्हणाला, की मंत्र्यानं पुढं आणि सभेनं मागं, जागेवर जाऊन बघायचं. खवल्याचा जीव त्या एका शब्दात अडकला होता. खडकावर चढताना त्यानं पहिल्यांदा टिटवी शोधली. नव्हती. अंडी सोडून येणार कशी?

भेकरीण उठली. हरणाच्या जातीतली, अंगानं लहान, पण जीभ कात्रीसारखी. पाडस पायाशीच होतं. म्हणाली, “मंत्रीसाहेब, वरचं डबकं आटलंय. आता पाणी प्यायचं ते नदीवर. पण पलीकडच्या काठाला कोळसुंद्यांची विष्ठा पडलीय, अगदी ओली. मग आम्ही पोरंबाळं घेऊन खाली जायचं का नाही, तेवढं सांगा.”

कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे. टोळीनं येतात. नुसतं नाव ऐकून सशांनी कान पाडले.

“हाळीची व्यवस्था चोख आहे,” खवल्या म्हणाला.

“चोख आहे? मग कालपासून टिटवीचा आवाज कसा नाही?”

खवल्यानं पोट आत ओढलं. पण मंत्र्याची जीभ लांब असते, ती पोटाच्या आधी पोचते. म्हणाला, “हाळी कधी देतात, बाई? धोका असला म्हणजे. हाळी नाही, याचा अर्थ काय? धोका नाही! हेच तर आपलं धोरण आहे.”

सभेनं माना डोलावल्या. एक म्हातारा रानडुक्कर तर म्हणाला, “आम्हाला हे सुचलं नसतं.”

भेकरीण कसली ऐकते! “आणि तिथल्या वारुळाची ऊब?”

“समाधानकारक.”

“कुणाचं समाधान झालं?”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं आता ‘दाखवा’ म्हणू नये, म्हणू नये, असं खवल्या मनात घोकत होता. मग त्याला आठवलं, हिला ते म्हणताच येत नाही. वारूळ टिटवीच्या दारचं. त्याचा जीव भांड्यात पडला. “ज्यांच्या दारचं वारूळ आहे, त्यांची सभेपुढं तक्रार नाही,” तो म्हणाला, आणि वर हसलाही.

गव्यानं मान हलवून विचारलं, “मग जाऊ द्यायचं ना सगळ्यांना पाण्यावर? एका शब्दात सांग बाबा.”

आत्ता सांगावं, असं खवल्याला वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला लिहू? तोंड उघडलंही होतं. पण समोर सगळं जंगल त्याच्या पोटाकडं बघत होतं.

“खुशाल जा,” तो म्हणाला.

सभा उठली. तहानलेली जनावरं उताराला लागली. भेकरीण पाडसाला ढुशा देत पुढं निघाली. खवल्या खडकावरून उतरतो तोच त्याची बायको खवली समोर. शेपटीवर पिल्लू बसलेलं.

“येते हो,” ती म्हणाली. “पिल्लाला नदी दाखवून आणते. कधीची भुणभुण लावलीय.”

“आज नको.”

“का?”

“थंडी आहे.”

“थंडीत पाणी पिऊ नये असं धोरण काढलंत का काय?”

“अगं, ऐक तर. उद्या मी नेतो.”

“आत्ता तिकडं सगळ्या जंगलाला खुशाल जा म्हणालात, आणि घरच्यांनाच नको? लोक काय म्हणतील?” पिल्लानं शेपटीवरून हात हलवला आणि ती गेलीसुद्धा.

आता खवल्यानं करायचं काय? तिच्यामागं जाऊन तिला तेवढी अडवावी, तर चारचौघांदेखत कारण सांगावं लागणार. न अडवावी, तर? काठच्या लव्हाळ्यात काय बसलंय कुणाला ठाऊक! त्यानं जिवाच्या आकांतानं हाक मारली. निघाली फुसफुस. पुढच्या सशानंसुद्धा मागं पाहिलं नाही. हाळी खात्याचा मंत्री आणि हाक दहा पावलं जाईना!

तो तसाच वळला आणि वडाकडं पळाला. पळाला म्हणजे काय, डुलत डुलत, नखांवर. वानर वरच्या फांदीवर शेपटी सोडून बसला होता.

“ओरड!” खवल्या म्हणाला. “सगळ्यांना मागं बोलाव!”

वानर म्हणाला, “टिटवी ओरडली का?”

“नाही.”

“मग कसं ओरडू, साहेब? टिटवीच्या आधी ओरडायचं नाही, हा हुकूम तुमचाच.”

“हुकूम रद्द!”

“का रद्द?”

“टिटवीला ओरडता येत नाही म्हणून!”

“घसा बसला का तिचा?”

“अरे, तिला काही दिसतच नाही! ती अंड्यांवरून उठू शकत नाही!”

“का? तिथं तर वारुळाची ऊब आहे ना? आत्ताच समाधानकारक म्हणालात.”

वानराला दोष देऊ नका, पोरांनो. मागं एकदा हुकमाबाहेर ओरडला म्हणून याच मंत्र्यानं त्याला सभेत उभं केलं होतं. एकदा चटका बसलेला दुसऱ्यांदा विचारूनच हात घालतो.

उतारावर भेकरीण दिसत होती, काठापासून थोड्याच अंतरावर. तिच्यामागं चितळं, ससे, आणि सगळ्यांत शेवटी खवलीची डुलणारी पाठ. लव्हाळं हललं. वारा पडलेला होता.

“वारूळ रिकामं आहे!” खवल्या म्हणाला.

“कुणी रिकामं केलं?”

“मी खाल्लं! मी, मी, मी खाल्लं! सगळं खाल्लं, रोज जाऊन खाल्लं! आता ओरड रे बाबा, पाया पडतो!”

जे सभेत सगळी सकाळ तोंडाबाहेर आलं नाही, ते वडाखाली एका दमात आलं. वानरानं छाती फुगवली आणि असा ओरडला की डोंगर दणाणला. खॅक! खॅक! खॅक!

उतारावर सगळे जागच्या जागी थांबले आणि वळून उधळले. त्याच घडीला लव्हाळं फाटलं आणि तांबडी टोळी बाहेर पडली. चितळं वाचली. ससे वाचले. गवा खाली मान घालून टोळीवर चालून गेला, म्हणून बरेच वाचले. पण भेकरीण सगळ्यांच्या पुढं होती. ती वर आली. पाडस आलं नाही.

ती थेट खवल्याच्या समोर येऊन उभी राहिली. खवल्यानं चेंडू केला. मग ती निघून गेली. वानरानं सगळ्यांना सगळं सांगितलं होतं. मंत्रिपद गव्यानं तिथंच काढून घेतलं, आणि ज्याला जे दिसेल त्यानं ओरडावं, असं पुन्हा ठरलं. तिकडं खवल्याचं लक्षच नव्हतं. वर आलेल्यांत खवली नव्हती.

तो नदीवर उतरला. काठावर चिखलात एक चेंडू पडलेला होता. खवल्यांवर दातांचे ओरखडे, चिखल, लाळ. कोळसुंद्यांनी उतारावर गाठून चावून पाहिलं असणार, लोळवत काठापर्यंत आणलं असणार, आणि शेवटी कंटाळून गेले असणार. त्यानं कान लावला. आत दोन श्वास चालत होते, एक मोठा, एक बारीक. तो तिथंच बसला.

“अगं, गेले ते,” तो म्हणाला. “ऊठ. आता भीती नाही.”

चेंडू उलगडला नाही.

“खरंच गेले. मी सगळीकडं बघितलं. सगळं ठीक आहे.”

चेंडू आणखी घट्ट झाला. या वेळी तो खरं बोलत होता, पण ते तिला कसं कळावं? शब्द तर तेच होते. तो विनवण्या करत राहिला, शपथा घेत राहिला. पाणी एका उडीवर होतं, आणि आत पिल्लू तहानेनं कुईकुई करत होतं, तरी खवले हलले नाहीत. ऊन कलायला लागलं.

शेवटी टिटवी अंड्यांवर बसल्या बसल्याच म्हणाली, “ये बाहेर, बाई. मघाशीच गेले ते, अगदी माझ्या चार हातांवरून पलीकडं गेले. मी पाहिलंय.”

तेव्हा खवली उलगडली. पिल्लाला तिनं पाणी पाजलं, टिटवीजवळ जाऊन बसली, आणि आपल्या अंगाची ऊब अंड्यांना दिली. खवल्याकडं तिनं पाहिलं नाही.

तात्पर्य, आणि हे पाठ करू नका, ध्यानात ठेवा : तक्रार ऐकू येत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नये, आधी तक्रार करणाऱ्याचं तोंड कुणी बांधलंय ते जाऊन बघावं. आणि जो खुर्चीसाठी एकदा ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो, त्याचं खरंसुद्धा पुढं घरचे ऐकत नाहीत.

झाली गोष्ट. ही वाचून मोठ्या माणसांपैकी कुणाला झोंबली तर झोंबू द्या. आमच्या वस्तीवरची विजेची डीपी जळून पडली होती, फोन लागत नव्हते, आणि भर ग्रामसभेत “वस्तीवरून एक फोन नाही, म्हणजे वीज आहे” असं म्हणून ज्यानं मलाच खोटं पाडलं, त्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही. नाव लिहितो, शाळेनं खोडू नये : त्र्यंबक ढमाले.