न दिलेली ओ

घरोघरी हातमाग चालत अशा एका गावात सगुणा नावाची एक विणकरीण राहत होती. तिच्या शालूवरचे मोर पाहून लोक तोंडात बोटे घालत. कामाची ती इतकी पक्की, की घर पेटले तरी हातातली ओळ पुरी करूनच उठेल, अशी गाव तिची थट्टा करी.

तिला मुलगी झाली. नाव ठेवले बकुळा. सव्वा महिना सरताच सगुणा पुन्हा मागावर बसली. पण बाळ रडले की ओळ संपताच उठावे लागे, आणि उठले की पुढच्या धाग्यांची मोजणी चुके. मग तिने एक युक्ती काढली. मागाची पावडी पायाने दाबावी लागते, त्या पावडीलाच तिने पाळण्याची दोरी बांधली. आता कापडही विणले जाई आणि पाळणाही हले. सगुणा स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाली.

पाळण्यातून बकुळा "आ… आ…" करी. सगुणाला ते ऐकू येई, पण तिचे ओठ धागे मोजण्यात गुंतलेले असत. बकुळाने पुष्कळ हाका मारल्या. मग कमी मारल्या. पुढे मारीनाशी झाली.

"पोर किती शहाणी, हूं का चूं करीत नाही," सगुणा कौतुकाने सांगे.

शेजारच्या ठकूआत्यांचा सारा जन्म मागावरच गेला होता. त्या म्हणाल्या, "माग चालू दे की तुझा. पण हाकेला ओ द्यायला हात कुठे लागतात गं?"

"मोठी झाली की बोलेन हो भरपूर," म्हणून सगुणा हसली.

बकुळा दोन वर्षांची झाली तरी बोलेना. एके दिवशी ती अंगणात पडली आणि तिचा गुडघा फुटला. सगुणा जन्मात पहिल्यांदा अर्धी ओळ टाकून धावली. हात पसरून म्हणाली, "ये गं बाये, आई आली." बकुळाने तिच्याकडे पाहिले, तिला वळसा घातला आणि ती घरात गेली. मागाला ती जुनी दोरी अजून लोंबत होती. ती छातीशी धरून पोर मुकाट रडत राहिली.

सगुणा उंबऱ्यातच बसली आणि ढसाढसा रडली. त्या दिवसापासून ती लेकीच्या प्रत्येक आवाजाला ओ देऊ लागली. मागही चालूच राहिला. वर्षभराने बकुळा बोलू लागली. पण "आई" म्हणण्याआधी ती क्षणभर थांबे, ओ येईल की नाही याचा अंदाज घेत. ते थांबणे सगुणाला जन्मभर सलत राहिले.

तात्पर्य: बाळाच्या पहिल्या हाकांना आईने दिलेली ओ हेच त्याचे पहिले शिक्षण असते. ती ज्या त्या वेळीच द्यावी. उशिराची ओ पुढच्या हाकांना पुरते, मागच्यांना नाही.