भर दुपारचे तीन राजे

एका राज्यात भर दुपारी घरोघरची दारं आतून लावलेली असत. उन्हाला भिऊन नव्हे, चोराला भिऊन तर नव्हेच. सूर्य डोक्यावर आला की गल्लीत पावलं वाजत, दाराची कडी हले आणि बाहेरून आवाज येई, “पान वाढा. मी तुमचा राजा सुकेतु.”

आता राजाच दाराशी आला म्हटल्यावर दार उघडायला नको? पण अहो, राजा त्या वेळी महालात पाटावर बसून जेवत असे! आणि गल्लीत एक नव्हे, तीन राजे हिंडत. एकाच्या अंगावरून पाणी निथळत असे. दुसऱ्याची मान मोडून खांद्यावर पडलेली. तिसऱ्याच्या छातीत भाला, आरपार. चेहरा मात्र तिघांचा एकच. ज्या घरानं भीतीपोटी पान वाढलं, त्या घरचं अन्न पानावर तसंच राही, पण पार गारठून जाई. मग दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्या घरची चूल काही केल्या पेटत नसे.

हे का होतं, ते साऱ्या राज्यात एकाच माणसाला ठाऊक होतं. ती राजाची थोरली बहीण, मृणालवती. ती कुणाला सांगत नव्हती. सांगणार तरी काय? तिनंच तर हे केलं होतं.

त्याचं असं झालं. नदीपलीकडच्या काळ्या गडावर त्रिकाळ नावाचा जादूगार राहत होता. त्याच्यापाशी एक घटिकापात्र होतं. म्हणजे तांब्याची वाटीच ती, तळाला सुईच्या टोकाएवढं भोक असलेली. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते, बुडाली की घटका झाली म्हणायचं. अशा वाट्या लग्नमंडपातही असतात. पण त्रिकाळाची वाटी उपडी करून पाण्यात दाबली की गेलेली घटका माघारी येई. हा दुष्ट लढाईला यायचा, हरला की वाटी उपडी करायचा आणि पुन्हा लढायचा. अशा माणसाला हरवणार कोण? राज्य अगदी जेरीस आलं.

शेवटी मृणालवती गडाच्या उभ्या कड्यावरून घोरपडीसारखी चढून गेली आणि तिनं वाटी चोरली. मग तरवारी उपसून बहीणभाऊ गडात घुसले. पहिल्या चौकात सुकेतुच्या पायाखालची फरशी सरकली आणि तो खालच्या हौदात पडून बुडाला. मृणालवती पोचली तोवर सगळं संपलं होतं. आई गेल्यावर ज्या पोराला तिनं घास भरवून वाढवलं, तो पाण्यावर पालथा तरंगत होता. तिनं त्याच हौदात वाटी उपडी दाबली. घटका फिरली. सुकेतु तिच्या शेजारी उभा, हसतोय. “अक्का, थांबलीस का? चल!”

पुढे झुलत्या पुलाचा दोर तुटला, सुकेतु दरीत पडला, मान मोडली. तिनं दरीतल्या ओढ्यात वाटी दाबली. पुढे बुरुजाच्या माथ्यावर त्रिकाळाचा भाला त्याच्या छातीत घुसला. तिनं दगडी डोणीतल्या पाण्यात वाटी दाबली. चौथ्या वेळी तिला सगळे डाव पाठ झाले होते. तिनं भाला वरच्यावर उडवला आणि सुकेतुच्या तरवारीनं त्रिकाळ कोसळला. मरता मरता तो दुष्ट हसला.

“राजकन्ये, मी एकदाच मेलो. तुझा भाऊ तीनदा मेलाय.”

तिनं ते मनावर घेतलं नाही. भाऊ जिवंत होता, तिला आणखी काय हवं होतं? पण उन्हाळा लागला आणि दुपारी दारं वाजू लागली. तिकडे महालात राजा खंगत चालला. पंचपक्वान्नं पुढ्यात, पण त्याला चव लागेना. हात गार पडले. एके दिवशी त्यानं अंगणात उभं राहून पायाशी पाहिलं, तर सावली इतकी फिकी की शोधावी लागली. वैद्यांनी हात टेकले.

मृणालवतीचा जीव टांगणीला लागला. एका दुपारी ती तरवार घेऊन गल्लीत उतरली. तिघं समोर आले. तिनं वार केला, पाणी निथळणाऱ्यानं तो सहज चुकवला. दुसरा केला, मोडक्या मानेच्यानं तो चुकवला. चुकवणारच! तरवार धरायला तिनंच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी उलट वार केला नाही. तिघं नुसते तिच्याकडे बघत उभे राहिले. मग पहिला म्हणाला, “अक्का, भूक लागलीय.” तिच्या हातून तरवार गळून पडली आणि ती धावत सुटली ती थेट नदीच्या घाटावर येऊन थांबली.

घाटावर एक पिंपळ होता. त्यावर एक म्हातारा डोमकावळा बसे. तो बोलत असे, पण फारसं कुणाशी नाही.

“आलीस?” कावळा म्हणाला. “मी म्हटलं, बाईसाहेबांना सवड कधी होते! तीन माणसं मेली आणि एकाचंही दहावं नाही. माझ्या घासाचं राहू दे, पण काही रीत?”

“माझा भाऊ जिवंत आहे,” ती म्हणाली.

“एक जिवंत आहे. तीन मेले, ते मेलेच. तू घटका फिरवलीस म्हणून मेलेला माणूस मेलेला नाही असं होत नाही. त्यांच्यासाठी ना कुणी रडलं, ना कुणी पिंड ठेवला. ते जाणार कुठे? शिदोरी एकाची आणि खाणारे चार. येत्या सर्वपित्री अमावास्येला सूर्य डोक्यावर आला की तुझ्या भावाचा श्वासही वाटून संपेल.”

“मी काय करू?”

“तो जिथे जिथे मेला तिथली चिमूटभर माती आण. तीन पिंड ठेव. प्रत्येकाच्या मनात काय राहिलंय ते ओळख आणि तसा शब्द दे. मग मी शिवतो.”

“मंत्र कोण म्हणेल?”

“मंत्र मला कळत नाहीत. भात कळतो, आणि माणसाची आस कळते.”

मृणालवती एकटीच काळ्या गडावर गेली. गड ओसाड पडला होता, पण आतल्या फरशा अजून सरकत होत्या, भिंतींतून पाती अजून सपासप फिरत होती. तिला सगळं पाठ होतं. वाकत, उड्या मारत ती हौदापाशी आली आणि जागच्या जागी थिजली. टाकून दिलेली घटका तिथेच होती. सुकेतु पाण्यावर पालथा तरंगत होता. आणि पाण्यापाशी वाकलेली एक बाई, हातात वाटी. ती बाई म्हणजे मृणालवतीच! तिनं प्रेताकडे धड पाहिलंही नाही. वाटी दाबली आणि ती नाहीशी झाली. प्रेत एकटं राहिलं. पाण्याच्या कडेला पाच बोटांचे ओरखडे होते, वर यायला धडपडल्याचे. ते तिनं त्या दिवशी पाहिलेच नव्हते. तिथलीच माती तिनं उचलली.

ओढ्यापाशी तेच. बुरुजावर तेच. तीनही ठिकाणी तो पडलेला आणि तीनही ठिकाणी तिची स्वतःची पाठ. बुरुजावरची माती पदरात बांधून ती गड उतरली.

अमावास्या उजाडली. राजपुरोहित सोमदेवभटजींना तिनं सांगितलं, तर ते दोन पावलं मागे सरले. “शिव शिव! जिवंत राजाचा पिंड? बाईसाहेब, हा अपशकुन माझ्या हातून व्हायचा नाही.” तेव्हा तिनं स्वतःच भात शिजवला, घाटावर मातीच्या तीन चिमटी टाकल्या आणि त्यांवर तीन पिंड ठेवले. मग ती हात जोडून बाजूला झाली. तिघं पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. कावळा फांदीवरून हलेना.

पहिला नुसता निथळत होता. मृणालवतीला ते ओरखडे आठवले. तो धडपडत होता आणि ती नव्हती. पोचली तेव्हा तिनं साधं त्याचं तोंडही वळवून पाहिलं नव्हतं. तिला एकदम हुंदका फुटला. लोकलाज सोडून ती घाटावर बसून रडली, “केतू, माझ्या सोन्या, मी तुला तसाच टाकून गेले रे!” कावळा खाली उतरला आणि पहिल्या पिंडाला शिवला. पहिला सुकेतु नदीत उतरला आणि वर आला नाही.

इतक्यात मागे पालखी टेकली. भटजींनी महालात जाऊन चुगली केली होतीच. राजा दोघा भोयांच्या आधारानं पायऱ्या उतरला. रागानं त्याचे ओठ कापत होते.

“अक्का, माझं दहावं घालतेस?”

तिनं दुसऱ्याकडे पाहिलं. मोडक्या मानेचा तो सुकेतु जिवंत सुकेतुकडे टक लावून पाहत होता. त्याला काय हवंय ते तिला कळलं.

“तुझंच,” ती म्हणाली, आणि तिनं हौद, पूल, बुरूज सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. राजा खालच्या पायरीवर बसला.

“मी तीनदा मेलो?”

“तीनदा.”

“दुखलं का गं मला?”

“दुखलं,” ती म्हणाली. कावळा दुसऱ्या पिंडाला शिवला आणि दुसराही नदीत उतरला.

राहिला तिसरा, छातीत भाला घेऊन. मृणालवती म्हणाली, तुझ्या सैन्याला मी सांभाळीन. कावळा हलेना. तुझ्या प्रजेला अंतर देणार नाही. हलेना. तुझ्या नावानं तळं बांधीन, देऊळ बांधीन. कावळ्यानं चोच पुसली. खरं तर त्या तिसऱ्याला काय हवंय ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. गडावरून आल्यापासून ती वाटी तिच्या कमरेलाच होती आणि त्याची नजर तिथेच खिळली होती. पण तो शब्द काही तिच्या तोंडून निघेना. कसा निघणार हो? ज्या वाटीनं भाऊ तीनदा परत दिला, ती टाकायची?

तेव्हा तिनं लोक करतात तेच केलं. कावळा शिवेना की दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. तिनं दर्भ वळून कावळा केला आणि तिसऱ्या पिंडापाशी धरला. त्या गवताच्या कावळ्यानं मान वळवली, तिच्याकडे पाहिलं, आणि तो पाठ फिरवून बसला.

सूर्य डोक्यावर आला. राजा बसल्या जागी कलंडला. तिनं धावत जाऊन नाकाशी हात धरला. श्वास नव्हता.

ती उठली, गुडघाभर पाण्यात शिरली. कमरेची वाटी उपडी तिच्या हातात होती, काठ पाण्याला लागला होता. जरासं दाबलं की झालं! केतू पुन्हा पायऱ्या उतरून येईल, रागावेल, ‘अक्का’ म्हणेल. तिनं वळून पायऱ्यांकडे पाहिलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिसऱ्याच्या शेजारी आता चौथा उभा होता. रेशमी अंगरखा, अंगावर कुठे जखम नाही. आत्ताच गेलेला.

“अक्का,” चौथा म्हणाला, “आता नको.”

कितीतरी वेळ तिचा हात तसाच राहिला. मग तिनं वाटी उलटून सरळ केली आणि धारेवर सोडून दिली. वाटी तरंगत गेली, भरत गेली आणि मधल्या डोहात बुडाली.

“जा,” ती म्हणाली. “पुन्हा परतवणार नाही. कधीच नाही. तुला शब्द दिला.”

ती काठावर आली, भावाचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. आता तिला काही करायचं नव्हतं. डोमकावळा खाली आला आणि तिसऱ्या पिंडाला शिवला. भाल्यासकट तिसरा नदीत उतरला. शिदोरीला आता दुसरं कुणी उरलं नाही. चौथा पायरीवर एकटाच घुटमळला, मग खाली आला आणि मांडीवरच्या देहात मिसळला. सुकेतुच्या छातीत श्वास भरला. त्याचे हात ऊन झाले.

त्या दिवसापासून राज्यात भर दुपारी दारं उघडी राहू लागली. चुली पेटल्या. राजा चवीनं जेवू लागला, आणि अंगणात त्याची सावली कुणाच्याही सावलीइतकी काळी पडू लागली. सोमदेवभटजी तेवढे बरेच दिवस घाटाकडे फिरकले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात सीमेवर शत्रू आला. राजा घोड्यावर बसला. मृणालवतीनं त्याला ओवाळलं.

“अक्का, मी नाही परत आलो तर?”

“तर रडेन.”

“मग?”

“मग तुझं दहावं करीन. आणि घरी येऊन जेवेन.”

राजा हसला. त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला आणि घोडा पुढे काढला. ती वेशीपाशी उभी राहिली, धूळ खाली बसेपर्यंत. मग पदरानं डोळे पुसून ती घराकडे वळली, कारण भाताला आधण ठेवायची वेळ झाली होती.