दोन सारखे पहारे

"...पण बुवा, दोन पहारे सारखे आहेत असं म्हणायचं तरी कधी?"

हैबतीबुवा वीणा गळ्यात घेऊन मंदिराच्या खांबाजवळ उभे होते. सप्ताहाचा पाचवा दिवस, दुपारचे सव्वातीन. सात दिवस ही वीणा जमिनीला टेकत नाही. दोन तासांचा एक पहारा. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. वीणेकऱ्यामागे टाळ धरून आणखी एक जण उभा राहतो. दोन ते चार हा पहारा बुवांचा, गेली एकतीस वर्षं. वय अठ्ठ्याहत्तर, डावा गुडघा त्याहून मोठा.

विचारणारा शार्दूल पायरीवर मांडीत लॅपटॉप घेऊन बसला होता. पुण्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दोन वर्षांपूर्वी त्याने बुवांच्या हातून माळ घातली होती. यंदा पहाऱ्यांची यादी वहीत लिहायची नाही, प्रोग्राम लिहायचा, असं त्याने ठरवलं होतं. वहीची काही तक्रार नव्हती.

बुवांचं नाम आणि बोलणं एकमेकांच्या फटीतून चालायचं.

"रामकृष्णहरी... काय झालं सांग."

"प्रोग्रामात प्रत्येक पहारा म्हणजे एक ऑब्जेक्ट. एक वस्तू म्हणा. दोन वस्तू सारख्या कधी, हे यंत्राला मी सांगायचं. सारख्या निघाल्या की ते एक ठेवतं, एक गाळतं. चुकून दोनदा लिहिलेलं निघून जावं म्हणून."

"बरं."

"आधी सांगितलं, दोन्हींचा वेळ तेवढाच असला की सारखे. दोन तास बरोबर दोन तास."

"मग?"

"सगळेच दोन तासांचे. सगळ्या पहाऱ्यांचा एक राहिला. यादीत पहिले म्हणून सात दिवस एकटे यशवंतराव."

बुवा हसले तशी वीणेची तार हलली.

"यशवंताला बोलला नाहीस ना? तो उभा राहिला असता."

"मग दुरुस्त केलं. सुरुवात तीच आणि शेवटही तोच, तरच सारखे. हे बरोबर आहे, बुवा. पुस्तकातही असंच आहे."

"हरी, हरी... बरोबर आहे, तर तोंड का उतरलंय?"

शार्दूलने भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवलं.

वीणेकरी आणि टाळकरी दोघांची वेळ एकच. यंत्राने सगळे टाळकरी गाळले होते. यादी तयार व्हायला पाचवा दिवस उजाडला; ती आज सकाळीच मंदिराच्या भिंतीवर चिकटली. बाकीचे टाळकरी ती न वाचताच येत होते. ठकूबाई आवटे वाचता येणाऱ्यांपैकी. चार ते सहाला त्यांचे यजमान तुळशीराम वीणा घेत आणि मागे त्या टाळ धरत. लग्न झाल्या वर्षापासून. यंदा यादीत तुळशीराम होते, त्या नव्हत्या. म्हातारी झाले म्हणून बुवांनी मला काढलं, असं समजून त्या घरी बसल्या होत्या.

"एक ओळ लिहिली की झालं," शार्दूल म्हणाला. "वेळेबरोबर नावही बघायला सांगतो. नाव वेगळं, तर पहारा वेगळा."

"माणूस बदलला की चार ते सहाचे काही वेगळे वाजतात?"

"...नाही."

"मग सारखेच की ते."

"सारखेच. म्हणून तर एक जास्तीचा झाला."

"सारखा आहे म्हणून जास्तीचा... हे कुठल्या पुस्तकात आहे?"

शार्दूलने लॅपटॉपकडे पाहिलं. त्यात नव्हतं.

चारला पाच मिनिटं असताना तुळशीराम आले. आंघोळ झालेली, कपाळाला बुक्का, मागे कुणी नाही.

"ती येत नाही म्हणती. यादीत नाव नाही, तर बिनबोलावता कशाला जायचं, म्हणती. द्या बुवा इकडं."

चार वाजले. बुवांचे टाळकरी वामनराव यांनी टाळ खुंटीला अडकवला, वीणेला नमस्कार केला आणि ते घरी गेले. पोस्टात नोकरी झालेली, वेळेला पक्के.

बुवांनी वीणा उतरवली नाही.

"टाळ कोण धरणार, तुळशीराम?"

"आहे की खुंटीला."

"खुंटी धरणार आहे का?"

तुळशीरामांनी खुंटीकडे पाहिलं. टाळ त्यांनी घेतला नाही. तो त्यांचा नव्हता. ते खाली बसले.

"बुवा," शार्दूल म्हणाला, "वीणा देऊन टाका. पहारा संपलाय तुमचा. गुडघा बघा तुमचा."

"रामकृष्णहरी..."

"दुसऱ्या कुणाला उभं करू का टाळाला?"

"रामकृष्णहरी..."

"तुम्ही असं किती वेळ उभे राहणार?"

बुवांनी डोळे मिटले आणि भार उजव्या पायावर घेतला.

शार्दूल उठला. चपला शोधायला वेळ लागेल म्हणून तसाच गेला.

ठकूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण, मशीनवाला का? काय म्हणतंय मशीन?"

"आजी, चूक झाली. तुमचं नाव बुवांनी नाही काढलं."

"मग कुणी?"

"यंत्रानं."

"यंत्रानं." त्यांनी एक काडी मोडली. "त्याला घेऊन यायचं होतंस मग. तू कशाला आलास?"

शार्दूल ओट्याजवळ सरकला.

"मी काढलं. मला कळलंच नाही."

"काय कळलं नाही?"

"आजोबांच्या वेळेला तुम्ही पण असता, ते."

"पंचावन्न वर्षं सगळ्या गावाला कळतंय."

"चला ना आजी. बुवा अजून उभे आहेत. वीणा देत नाहीत."

ठकूबाईंचा हात थांबला... मग पुन्हा चालू झाला.

"एवढी जुडी होऊ दे. उभा राहा."

ओट्यावर एक खुर्ची होती. तिच्यात मांजर झोपलं होतं आणि त्याला कुणी उठवलं नाही. शार्दूल उन्हात अनवाणी उभा राहिला. जुडी मोठी होती. ठकूबाई पान न् पान बघून घेत होत्या, आणि मधूनच त्याच्या पायांकडेही बघत होत्या.

"माळ घातलीय ना रे तू?"

"हो."

"मग तोंड बंद ठेवून उभा का? नाम घे की. फुकट आहे."

तो नाम घेऊ लागला. आधी पुटपुटत, मग जरा मोठ्याने. जुडी संपली तेव्हा ठकूबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. त्याच्या आलं नाही.

"चल," त्या म्हणाल्या. "चपला घाल माझ्या नातीच्या. पाय भाजतील."

चार चाळीसला ठकूबाईंनी खुंटीवरून टाळ काढला. बुवांनी वीणा उतरवली. तुळशीरामांचा हात तिला लागेपर्यंत आपला सोडला नाही.

"पाय दुखले का, बुवा?" ठकूबाईंनी विचारलं.

"पाय दुखायला तुझी काय गरज? ते रोजच दुखतात. मेथीचं काय झालं?"

"निवडलीय. भाकरीबरोबर पाठवते."

"मग उशीर झाला ते बरं झालं."

टाळ वाजू लागला. बुवा खांबाला धरून पायरीवर टेकले. शार्दूलने त्यांना तांब्याभर पाणी दिलं, त्यांचा गुडघा चोळताना मेथी निवडून होईपर्यंत नाम घेत उभं राहिल्याचं सांगितलं, मग लॅपटॉप उघडला. बराच वेळ तो बोटं चालवत होता. पायरीखाली नातीच्या गुलाबी चपला पडल्या होत्या.

"लिहिलीस का ती ओळ? नावाची?"

"नाही. वेळ सारखी, तर सारखेच म्हणायचं. ते तसंच ठेवलं. फक्त गाळायच्या आधी विचार, असं सांगितलंय."

"कुणाला विचारायचं?"

"माणसाला."

बुवांनी पाणी संपवलं.

"मग मधली चाळीस मिनिटं लिही आता. चार ते चार चाळीस. एक पहारा माझा, एक तुझा."

"माझा? बुवा, वीणा तुमच्या गळ्यात होती. मी तिकडे दारात उभा होतो."

"लिही."

शार्दूलने दोन्ही लिहिले. पडद्यावर प्रश्न आला. तो वाचून त्याचा हात थांबला.

"विचारतंय, बुवा. दोन्ही सारखे आहेत. एक गाळू का?"

बुवांनी रिकामा तांब्या पालथा ठेवला.

"माझा गाळ. मी तर नुसती वीणा घेऊन उभा होतो."